मुका मार, बंद चेंबर आणि दाबाखालचा ऑक्सिजन

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत अमेरिकन हवाई दलाच्या डॉक्टरांनी ५० सैनिकांवर एक चाचणी केली. सगळ्यांच्या डोक्याला कधी ना कधी मार बसलेला आणि तेव्हापासून डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड, झोपेचं खोबरं हे सगळं मागे लागलेलं. अर्ध्यांना हवाबंद चेंबरमध्ये बसवून नेहमीच्या २.४ पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला. उरलेल्यांनाही तशाच चेंबरमध्ये बसवलं, पण दाब जेमतेम १.३ पट आणि श्वासाला साधी हवा. आपल्याला नेमकं काय मिळतंय हे सैनिकांना सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकाची ३० सत्रं झाली. २०१२ मध्ये निकाल छापून आला: ऑक्सिजन मिळालेल्यांची लक्षणं कमी झाली. साधी हवा मिळालेल्यांचीही झाली, जवळपास तितकीच.

एक बाजू म्हणाली, बघा, ऑक्सिजनचा काही उपयोग नाही. दुसरी म्हणाली, बघा, चेंबरमध्ये बसलेला प्रत्येक जण सुधारला! हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी, म्हणजे हा दाबाखालच्या ऑक्सिजनचा उपचार, आणि मेंदूला मार लागलेले अमेरिकन सैनिक या विषयावर त्यानंतर जे काही वाद झाले, ते सगळे या दोन वाक्यांमधल्या फटीत घडले आहेत. ती फट समजली की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

आधी मार कसला, ते बघू. अफगाणिस्तानात २००१ पासून आणि इराकमध्ये २००३ पासून अमेरिकन सैन्य लढत होतं. समोरच्यांचं मुख्य हत्यार होतं रस्त्याकडेला पुरलेले बॉम्ब, म्हणजे आयईडी. चिलखती गाड्या आणि जॅकेटांमुळे पूर्वी जागीच मेले असते असे कितीतरी सैनिक वाचले, पण स्फोटाच्या दाबलहरीने कवटीच्या आत काय केलं हे जॅकेट सांगत नाही. २००० सालापासून अमेरिकन सैन्यदलांत मेंदूच्या दुखापतीचं निदान झालेल्यांची संख्या पाच लाखांच्या वर गेली आहे आणि त्यातली ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रकरणं ‘सौम्य’ गटातली आहेत. यातली बरीचशी रणांगणावरची नाहीतच. प्रशिक्षण, वाहनांचे अपघात, खेळ, पडझड यांतूनच बहुतेक येतात.

सौम्य की गंभीर हे ठरतं पहिल्या काही तासांवरून. शुद्ध हरपली असेल तर अर्ध्या तासापेक्षा कमी, स्मृतीतली पोकळी एका दिवसापेक्षा कमी आणि स्कॅनवर रक्तस्राव किंवा चिरडल्याच्या खुणा नाहीत, की नोंद ‘सौम्य’ अशी होते. बोलीभाषेत आपण याला मुका मार म्हणतो. बहुतेक जण काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत ठीक होतात. काहींची लक्षणं मात्र वर्षानुवर्षं जात नाहीत.

ती का जात नाहीत, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. २००८ साली चार्ल्स होज या लष्करी मानसोपचारतज्ज्ञाच्या गटाने इराकहून परतलेल्या अडीच हजार सैनिकांची पाहणी प्रसिद्ध केली. डोक्याला मार लागलेल्यांच्या तक्रारी जास्त होत्या खऱ्या, पण त्याच सैनिकांमध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक त्रास, आणि नैराश्य यांचं प्रमाणही जास्त होतं. तो भाग हिशेबातून वजा केल्यावर बहुतेक तक्रारींचा डोक्याच्या माराशी असलेला संबंध पुसट झाला. ठळक राहिली ती फक्त डोकेदुखी. याचा अर्थ ‘सगळं मनाचं आहे’ असा घेऊ नये. २०१६ मध्ये डॅनियल पर्ल आणि सहकाऱ्यांनी स्फोटात सापडलेल्या आणि नंतर मरण पावलेल्या काही सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर, रक्तवाहिन्यांभोवती, एक विशिष्ट प्रकारचे व्रण दिसले. नेहमीच्या स्कॅनवर असले व्रण दिसत नाहीत. म्हणजे इजा खरी, मानसिक त्रासही खरा आणि एकाच माणसात दोन्ही इतके गुंतलेले की कोणतं लक्षण कशाचं हे सांगणं कठीण. उपचाराची परीक्षा घेताना हा गुंता सतत आडवा येतो.

आता ऑक्सिजनकडे वळू. रक्तातला ऑक्सिजन दोन प्रकारे प्रवास करतो. जवळजवळ सगळा लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनवर बसून जातो. उरलेला अगदी थोडा, शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे ०.३ मिलिलिटर, रक्तद्रवात नुसता विरघळलेला असतो. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. बसमधल्या सगळ्या जागा भरल्या आहेत अशी कल्पना करा; स्टॉपवर आणखी माणसं आणून उभी केली तरी बसमध्ये कोणी वाढणार नाही. वाढतील ते बसच्या बाजूने पायी निघालेले. दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर नेमकं हेच होतं, कारण द्रवात वायू किती विरघळणार हे त्याच्या दाबाच्या प्रमाणात ठरतं. दीडपट दाबाला विरघळलेला ऑक्सिजन ०.३ वरून साधारण ३ मिलिलिटरवर जातो आणि तिप्पट दाबाला सहाच्या आसपास. स्वस्थ बसलेल्या शरीराची गरजही जवळपास तेवढीच असते. अ‍ॅमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बोएरेमा यांनी १९६० मध्ये हे टोकाला नेऊन दाखवलं. डुकरांच्या शरीरातल्या लाल पेशी जवळजवळ सगळ्या काढून त्यांनी जागी नुसता द्रव भरला आणि तिप्पट दाबाच्या चेंबरमध्ये ती डुकरं जगली.

म्हणजे चेंबर ही काही भोंदूगिरी नाही. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात, तेव्हा हाच मुख्य उपचार आहे. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहातली न भरणारी पायाची जखम, किरणोपचाराने खराब झालेली ऊती, अचानक आलेला बहिरेपणा अशा डझनभराहून अधिक कारणांसाठी तो वापरला जातो. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, या कारणांना मान्यता देतं. मेंदूचा मार आणि पीटीएसडी त्या यादीत नाहीत. नौदलात खोल पाण्यात बुडी मारणारे असल्यामुळे लष्कराकडे चेंबर होते आणि ते चालवणारे अनुभवी लोकही होते. तेव्हा हा उपचार सैनिकांच्या डोक्यापर्यंत पोचला यात नवल नाही.

तो चालावा असं मानण्यामागचा तर्क असा. मार लागल्यावर चेतापेशींत क्षारांची उलथापालथ होते, ती सावरायला भरपूर ऊर्जा लागते आणि नेमक्या त्याच वेळी ऊर्जा तयार करणारी यंत्रणा ढेपाळलेली असते. समर्थकांचं म्हणणं असं की काही पेशी मरत नाहीत, पण कामही करत नाहीत, नुसत्या पडून राहतात. भरपूर ऑक्सिजन मिळाला तर त्या पुन्हा कामाला लागतील. शिवाय ऑक्सिजनची पातळी वारंवार वरखाली झाल्याने नव्या रक्तवाहिन्या फुटायला चालना मिळते आणि जखमांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी दिसूनही आलं आहे. मला इथे दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे ऊर्जेचं ते संकट दिवसांचं, फार तर आठवड्यांचं असतं आणि हे सैनिक चेंबरमध्ये बसतात तेव्हा स्फोटाला कित्येक महिने, अनेकदा वर्षं झालेली असतात. दुसरं, भरपूर ऑक्सिजन मिळाला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथला रक्तप्रवाह कमी होतो. हा शरीराचाच बंदोबस्त आहे. त्यामुळे ‘जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त बरं’ हे गणित कागदावरसुद्धा सरळ सुटत नाही. पण कागदावर न सुटणारे कितीतरी उपचार प्रत्यक्षात चालले आहेत, म्हणून शेवटी चाचण्यांकडेच जावं लागतं.

न्यू ऑर्लिन्सचे डॉ. पॉल हार्च हे या उपचाराचे सर्वात आग्रही पुरस्कर्ते. स्फोटात सापडलेल्या थोड्या माजी सैनिकांना दीडपट दाबाखाली ऑक्सिजन देऊन त्यांनी ठळक सुधारणा नोंदवली. इस्रायलमध्ये २०१३ साली ५६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही सुधारणा दिसली. ते रुग्ण सैनिक नव्हते. दोन्हीकडे एक गोष्ट नव्हती: लुटुपुटूचा उपचार घेणारा गट.

ती का लागते? रोज सकाळी उठायचं, ठरलेल्या जागी जायचं, तासभर शांत बसायचं, आपली विचारपूस करणारी माणसं भेटायची, युनिटच्या कामातून सुट्टी आणि हे सगळं ‘आता मी बरा होणार’ या आशेने, चाळीस दिवस. एवढ्याने डोकेदुखी, झोप, चिडचिड, एकाग्रता यांत फरक पडणारच. शिवाय माणूस चाचणीत नाव घालतो तेव्हा बहुधा त्याची अवस्था सर्वात वाईट असते, तिथून थोडी सुधारणा काही न करताही होते. ऑक्सिजनचं श्रेय यातून वेगळं काढायचं तर बाकी सगळं सारखं ठेवून फक्त ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो.

आणि इथेच तंत्रज्ञांची पंचाईत होते. गोळीच्या जागी पिठाची गोळी देता येते. चेंबरमध्ये मात्र दाब वाढला की कानांना दडे बसतात आणि ते बसले नाहीत तर आपण खोट्या गटात आहोत हे कोणाच्याही लक्षात येईल. म्हणून खोट्या गटालाही थोडा दाब द्यावाच लागतो. हार्च आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणतात की हा थोडा दाबसुद्धा औषधच आहे. तेव्हा तुम्ही औषधाची तुलना औषधाशी केलीत आणि दोघांत फरक नाही म्हणून दोन्ही निकामी ठरवलंत.

युक्तिवाद टाकाऊ नाही. पण आकडे मांडून बघा. १.३ पट दाबाच्या साध्या हवेत मिळणारा ऑक्सिजन म्हणजे समुद्रसपाटीला २७ टक्के ऑक्सिजनची हवा घेण्यासारखं. १.२ पटीला २५ टक्के. एवढा तर नाकाला साधी नळी लावून, वॉर्डातल्या खाटेवर पडल्या पडल्या मिळतो आणि त्याने मुका मार बरा होतो असं कोणी म्हणत नाही. मग किमया ऑक्सिजनची नसून दाबाचीच, असं म्हणावं लागेल.

ही शंका फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे झालेल्या चाचणीने फार हुशारीने हाताळली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात देखणी रचना तीच. साठेक मरीन सैनिक, तिन्ही गटांना सारखाच दुप्पट दाब. कानांना तोच अनुभव, चेंबर तेच. बदलला तो फक्त आतला वायू. एका गटाला शंभर टक्के ऑक्सिजन, दुसऱ्याला ७५ टक्के आणि तिसऱ्याला अवघा साडेदहा टक्के. दुप्पट दाबाला साडेदहा टक्के म्हणजे बरोबर आपण रोज घेतो तेवढा ऑक्सिजन. चाळीस सत्रांनंतर आणि पुढे तीन महिन्यांनी पाहिलं, तर तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ऑक्सिजन रोजच्याइतकाच ठेवला, सुमारे सातपट केला किंवा साधारण साडेनऊपट केला, तरी काहीच हललं नाही. समर्थकांनी यावरही ‘दाब तर सगळ्यांनाच मिळाला’ असं म्हटलं. पण तसं म्हणताना ऑक्सिजनचा मुद्दा आपण हातचा सोडला, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

तिसरी चाचणी चार लष्करी तळांवर ७२ सैनिकांवर झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. हिच्यात एक गट चेंबरमध्ये गेलाच नाही. त्याला नेहमीचे उपचार चालू ठेवले. दुसऱ्याला दीडपट दाबाखाली ऑक्सिजन, तिसऱ्याला १.२ पट दाबाची साधी हवा. चेंबरमधले दोन्ही गट सुधारले, एकमेकांत फरक नाही. आणि चेंबरबाहेरचा गट मात्र मागे राहिला. ‘नुसत्या वेळेने सगळे बरे झाले असते’ हे स्पष्टीकरण त्यामुळे बाद होतं. चेंबरमध्ये काहीतरी घडतं हे नक्की. ते ऑक्सिजनमुळे घडतं असं दिसत नाही, इतकंच.

चौथी, २०१८ ची, ७१ जणांची. लिंडेल वीव्हर यांच्या नेतृत्वाखालची ही चाचणी सैनिकांचा सर्वात लांब पाठपुरावा करणारी. यावेळी तेरा आठवड्यांनी ऑक्सिजनचा गट काही बाबतींत, विशेषतः पीटीएसडीची लक्षणं असलेल्यांमध्ये, थोडा पुढे दिसला. समर्थकांना हायसं वाटलं असणार. पण सहा महिन्यांनी आणि वर्षाने तो फरक टिकला नव्हता.

या सगळ्यावरून अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आणि माजी सैनिकांच्या खात्याने सौम्य मेंदू-दुखापतीसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये सुधारली, तेव्हा या लक्षणांसाठी हायपरबॅरिक ऑक्सिजन वापरू नये अशीच शिफारस केली. त्याऐवजी प्रत्येक तक्रार वेगळी धरून तिच्यावर काम करायचं: निद्रानाशासाठी वर्तनोपचार, डोकेदुखीवर तिच्या प्रकारानुसार औषधं, चक्कर येत असेल तर तोल सावरण्याचे व्यायाम, पीटीएसडी असेल तर त्याची मानसोपचाराची ठरलेली पद्धत. यात चमकदार काही नाही आणि बातमी होण्यासारखं तर त्याहून नाही.

पीटीएसडीचा रस्ता थोडा वेगळा चालला आहे. माजी सैनिकांच्या खात्याने २०१७ च्या अखेरीस, इतर उपचारांनी फरक न पडलेल्या मोजक्या पीटीएसडी रुग्णांना ओक्लाहोमा आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रांमधून हा उपचार देऊन बघायचं ठरवलं. इस्रायलमध्येही त्या दिशेने अभ्यास चालू आहेत. तिथे काही निघालं तरी ते मेंदूच्या मारावरचं उत्तर म्हणून खपवणं चूक होईल.

दरम्यान राजकारणाने विज्ञानाची वाट पाहिलेली नाही. ओक्लाहोमा, टेक्सास, अ‍ॅरिझोना, इंडियाना, केंटकी, उत्तर कॅरोलायना अशा राज्यांनी माजी सैनिकांना हा उपचार मिळावा म्हणून कायदे केले. केंद्रात ग्रेग मर्फी या खासदाराने, जे स्वतः पेशाने डॉक्टर आहेत, तशाच आशयाचं विधेयक मांडलं. त्यांच्या घाईचं कारण समजण्यासारखं आहे: अमेरिकेत अलीकडे वर्षाला सहा हजारांहून अधिक माजी सैनिक आत्महत्या करतात. ज्याच्या घरातलं माणूस त्या उंबरठ्यावर उभं आहे त्याला आकडेवारी ऐकवणं सोपं नाही. तरीही लोकप्रतिनिधींनी बहुमताने उपचार ठरवणं मला पटत नाही, कारण तोच पैसा आणि तीच खाट निद्रानाशाच्या किंवा पीटीएसडीच्या सिद्ध उपचाराला मिळू शकली असती.

दाबाच्या या वेडाला अमेरिकेत जुना इतिहास आहे. कॅन्सस सिटीचे डॉ. ऑर्व्हल कनिंगहॅम १९१८ च्या फ्लूच्या साथीपासून दाबाखालची हवा देत होते. पुढे त्यांनी मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर तेच सांगितलं आणि १९२८ मध्ये एका श्रीमंत उद्योगपतीने त्यांच्यासाठी क्लीव्हलँडला चक्क बहुमजली पोलादी गोल बांधून दिला, आत राहण्याच्या खोल्यांसकट. अमेरिकन वैद्यक संघटनेने पुरावे मागितले. ते आले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो गोल भंगारात गेला.

आजची भानगड आकाराने लहान आहे. फुग्यासारखे मऊ चेंबर घरोघरी आणि वेलनेस केंद्रांत विकले जातात. त्यांचा दाब साधारण १.३ पटच असतो, म्हणजे हवाई दलाने ‘लुटुपुटूचा उपचार’ म्हणून वापरला तेवढाच. एफडीएने असे चेंबर मान्य केले आहेत ते फक्त उंचीवर चढल्यावर होणाऱ्या त्रासासाठी. खऱ्या, कडक भिंतींच्या चेंबरचं एक सत्र खासगी केंद्रात काही शे डॉलरला पडतं आणि चाळीस सत्रांचा हिशेब केला की आकडा दहा हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. विमा बहुधा हात वर करतो, कारण यादीत नाव नाही.

धोके योग्य जागी, योग्य देखरेखीखाली कमी आहेत. सर्वात जास्त आढळतो तो कानाच्या पडद्याला होणारा त्रास. काहींची दूरची नजर तात्पुरती अंधुक होते. बंद जागेची भीती असलेल्यांना आत बसवत नाही, आणि पीटीएसडीच्या रुग्णांत अशी माणसं कमी नसतात. दाब जास्त असेल तर ऑक्सिजनच मेंदूला चिथावून झटके आणू शकतो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८७८ मध्येच दाखवलं होतं. फार क्वचित, पण सर्वात भयंकर ती आग. ऑक्सिजनने भरलेल्या बंद जागेत एक ठिणगीही पुरते. मिलानमधल्या रुग्णालयात ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी चेंबरला आग लागून अकरा जण गेले. जानेवारी २०२५ मध्ये मिशिगनमधल्या एका खासगी केंद्रात पाच वर्षांचा मुलगा दगावला.

तरीही कोणाला करून बघायचंच असेल, तर पैसे भरण्याआधी विचारण्यासारखं बरंच आहे. दाब नेमका किती पट? चेंबर चालवणाऱ्याचं प्रशिक्षण कुठे झालं, डॉक्टर त्या वेळी इमारतीत असतो का? आत जाताना फोन, सिंथेटिक कपडे, केसांचं तेल काढायला लावतात का? दहा सत्रांनंतर फरक नसेल तर थांबणार, की ‘आणखी वीस घ्या’ म्हणणार? झोपेचे आणि डोकेदुखीचे चालू उपचार बंद करायला सांगत असतील, तर ते केंद्र सोडावं. फुफ्फुसाभोवती हवा साचलेली असेल तर दाब उतरताना ती फुगून जीवावर बेतू शकते, म्हणून छातीचे जुने आजार, शस्त्रक्रिया, अपघात यांची चौकशी आधी व्हायलाच हवी. फुफ्फुसांबद्दल एकही प्रश्न न विचारता आत बसवायला निघालेल्यांकडून सरळ उठून यावं.